गणवेश उतरण्याआधीच मुलकी प्रमाणपत्र हातात द्या

माननीय माजी सैनिक कल्याण मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

सेवेतली बहुतेक वर्षे मी वैद्यकीय पथकात काढली. हेलिकॉप्टर येईपर्यंत जखमीचा रक्तस्राव थांबवायचा, श्वास चालू ठेवायचा, अंधारात शीर शोधून सलाइन लावायचे, हेच माझे काम. निवृत्तीनंतर रुग्णवाहिकेवर कामासाठी अर्ज केला. समोरचे आदराने बोलले, पण मान्यताप्राप्त प्रमाणपत्र नाही म्हणून पहिल्या वर्षापासून अभ्यासक्रम करा म्हणाले. सुरक्षारक्षकाची नोकरी मात्र आठवड्यात मिळाली. ते कामही मी मन लावून केले. तरी रस्त्यावरून सायरन वाजत गेला की हात शिवशिवतात, अजूनही.

रडार दुरुस्त करणारे, पूल बांधणारे, शेकडो माणसांच्या शिध्याचा हिशेब ठेवणारे माझे सोबतीही याच भिंतीला धडकले. यात कोणा एका कार्यालयाचा दोष नाही. लष्कर शिकवते आणि मुलकी खाती परवाना देतात. या दोघांना एका टेबलावर बसवणे तुमच्याच हातात आहे. सेवेत घेतलेल्या प्रत्येक प्रशिक्षणाला समकक्ष मुलकी दर्जा ठरवा. जिथे थोडे कमी पडते, तिथे तेवढाच पूरक अभ्यास आणि परीक्षा शेवटच्या दोन वर्षांत, गणवेशात असतानाच होऊ द्या. अमेरिकेने 1944 साली परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा केला. 1956 पर्यंत सुमारे 78 लाख जणांनी त्याचा लाभ घेतला. तो कायदा मंजूर झाला तेव्हा युद्ध अजून चालू होते, हे मला फार मोलाचे वाटते.

आता मनाबद्दल. पहिल्या महायुद्धात भेदरलेल्या सैनिकांना भित्रे ठरवले गेले. ब्रिटनने पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या 306 सैनिकांना माफी दिली ती 2006 मध्ये. आघातानंतरच्या या मानसिक विकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने अधिकृत निदान म्हणून मान्यता दिली, तेही 1980 साली. आजही जवान डॉक्टरकडे जाऊन ‘झोप येत नाही’ एवढेच सांगतो. पलटणीत शेजारच्या खाटेवरचा माणूस न सांगता ओळखायचा. घरी तो नसतो. म्हणून समुपदेशकांमध्ये माजी सैनिक असू द्या, आणि पत्नीला, आईवडिलांनाही थेट फोन करता येईल असा क्रमांक द्या. दचकून उठणारा माणूस आधी त्यांनाच दिसतो.

एक गोष्ट विशेष आग्रहाने मांडतो. दोन-चार वर्षांतच बाहेर पडणाऱ्या तरुणांना वगळू नका. पुनर्वसनाच्या सवलती सेवेच्या वर्षांवर मोजल्या की त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी येते, आणि त्यांच्याकडे ना पेन्शन असते ना दुसरा अनुभव. त्यांना निदान समुपदेशन आणि प्रमाणपत्र तरी सेवेची अट न घालता मिळावे.

वैद्यकीय पथकांपासून सुरुवात करता येईल. त्यांचा अभ्यासक्रम रुग्णवाहिकेच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहण्यासाठी समिती नेमलीत, तर मी आणि माझे सोबती विनामोबदला काम करायला तयार आहोत.

आपला,
एक माजी सैनिक