शनिवारच्या एकत्र बैठकीची आठवण

नमस्कार मंडळी,

शनिवारी दुपारी ३ वाजता आपली बैठक आहे. एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि फार्मसी, चारही शाखांनी यायचं आहे. मागच्या वेळी फार्मसीचं कुणीच नव्हतं आणि औषधांचा विषय अर्धवट राहिला, ते मनाला लागलं.

या वेळचा विषय मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम. डोळ्यासमोर आणा: सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी मावशी. पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे जखम तिला कळलीच नाही. डॉक्टर उपचार ठरवतील, पण ड्रेसिंग करताना जखमेतला बदल आधी सिस्टरला दिसतो. पायावरचा भार कसा कमी करायचा ते फिजिओ सांगेल. घरी फ्रीज नसेल तर सोलापूरच्या उन्हाळ्यात इन्सुलिन कसं ठेवायचं, हे फार्मसीवाल्यांनी समजावायचं. तेलुगू आणि कन्नड येणाऱ्यांनी तर नक्की या, कारण मावशीला तिच्या भाषेत सांगितलेलंच पटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या आराखड्यात हेच मांडलंय: वेगवेगळ्या शाखांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं. माझ्या मते यातलं 'एकमेकांकडून' सगळ्यात अवघड. ज्युनिअर सिस्टरने शंका काढली की आपण आधी तिचा हुद्दा बघतो.

रुग्णाची माहिती देण्याचा सरावही करू: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय.

रुग्णांचे फोटो किंवा नावं ग्रुपवर टाकू नका. येणार असाल तर शुक्रवार रात्रीपर्यंत नाव आणि शाखा कळवा.