आपल्या आशाताई व आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तपासणीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, आरोग्यसेवक, सफाई कर्मचारी, रुग्णवाहिकेचे चालक आणि वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या आशाताई यांच्या रक्तदाब व मधुमेहाची नियमित तपासणी सुरू करण्याचे ग्राम आरोग्य समितीने ठरवले असून, त्यासाठी ग्रामस्थांनी तसेच कामानिमित्त पुण्या-मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी हातभार लावावा, ही विनंती.

१७ मे रोजी, जागतिक उच्च रक्तदाब दिनाच्या शिबिरात, सकाळपासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधणाऱ्या एका आशाताईंचा रक्तदाब शेवटी सहज म्हणून मोजला, तो १६८/१०४ निघाला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. "डोकं रोजच दुखतं, उन्हाचं असेल म्हणून गोळी घेत होते," असे त्या म्हणाल्या. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म (आजारांचा धोका तपासण्याची प्रश्नावली) भरणाऱ्या, टेपने कमरेचा घेर मोजणाऱ्या या ताईंचा स्वतःचा फॉर्म मात्र कोणीच भरलेला नव्हता.

हा त्यांचा निष्काळजीपणा मुळीच नाही. रात्रपाळीची तुटलेली झोप, बाळंतपणाची केस आली की तसाच राहिलेला डबा, आणि घरोघरी आग्रहाने पुढे येणारा गोड चहा (नाही म्हटले तर घरच्यांना वाईट वाटते) यांतून हे आजार बळावतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे; गावागावांत असे रुग्ण शोधण्याचे काम याच माणसांच्या पायांवर उभे आहे.

रात्रपाळी करणाऱ्याला उपाशीपोटी रक्त देणे जमत नाही, म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी आम्ही निवडली आहे. ती कोणत्याही वेळी करता येते. पंडुरोग (रक्तक्षय) असल्यास तिचा आकडा फसवा येऊ शकतो, त्यामुळे सोबत हिमोग्लोबिनही पाहावे लागेल. मुख्य खर्च या दोन तपासण्यांचा आहे. याशिवाय चार स्वयंचलित रक्तदाब यंत्रे हवी आहेत. यंत्र देणाऱ्यांनी मोठा पट्टाही सोबत द्यावा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की रक्तदाब आहे त्याहून जास्त दिसतो. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या देताना मुदत पाहून द्याव्यात. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या नेहमीच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, त्यांच्यासाठी निधी नको.

कोणाला कोणता आजार निघाला, हे त्या व्यक्तीला आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच कळेल. फलकावर फक्त जमाखर्च लागेल, आणि पूर्ण हिशोब २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडला जाईल.

देणगी ग्रामपंचायत कार्यालयात देऊन पावती घ्यावी. रक्ताचे नमुने घेण्यासाठी महिन्यातून एक सकाळ देऊ शकणाऱ्या निवृत्त परिचारिका व प्रयोगशाळा तंत्रज्ञांनीही तेथेच नाव नोंदवावे.

आपले नम्र,
ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती