शब्दकोड्यातलं कमळ

महोदय,
रविवारच्या शब्दकोड्यात १४ आडवा शब्द होता 'कमळ', अक्षरं तीन. पंकज, नीरज, अंबुज, सरोज, जलज. सगळेच तीन अक्षरी आणि सगळ्यांच्या शेवटी 'ज'! पेन्सिलीनं तेवढा 'ज' भरला, चहा निवला तरी गाडी पुढे सरकेना. पंक म्हणजे चिखल. 'चिखलात जन्मलेले' अशी व्याख्या दिली असती तर पंकज लगेच सुटला असता. 'जलाशय' वाचून तर मी डोळे झाकून रंकाळा लिहिला, निघालं तलाव. (तो दोष कोल्हापूरचा!) नुसता समानार्थी शब्द न देता शब्दकोशातला अर्थ द्या. आणि उत्तरं उलटी छापू नका, मान अवघडते.

– एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर