रविवारचा खेळ : 'स्टार वॉर्स'

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी दुपारी ४ वाजता, नेहमीच्या जागी, वेस्ट एंड गेम्सचा १९८७ चा 'स्टार वॉर्स' रोलप्लेइंग खेळ (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायची, असा) लावतोय. तयार जग कशाला, आपलंच रचू, असं काहींचं म्हणणं होतं. मला मात्र अधिकृत परवाना घेऊन वापरलेल्या, चित्रपटातल्या जगाची ओढ आहे. मागच्या वेळी मी नुसतं 'टॅटूइन' (चित्रपटातला दोन सूर्यांचा वाळवंटी ग्रह) म्हटलं आणि पहिल्यांदाच खेळायला बसलेल्या ताईंनी विचारलं, "दोन्ही सूर्य मावळले का?" मी नकाशा उघडायच्या आत त्या तिथे पोचल्या होत्या!

आणि ही नुसती उसनवारी नव्हे. ट्वी'लेक, रोडियन ही चित्रपटातल्या परग्रहवासी जमातींची नावं या खेळाच्या पुस्तकांतूनच रूढ झाली. पुढे लेखक टिमथी झान 'स्टार वॉर्स'च्या कादंबऱ्या लिहायला बसले तेव्हा लुकासफिल्मने (चित्रपट काढणाऱ्या कंपनीने) त्यांना हीच पुस्तकं संदर्भासाठी दिली.

पात्राचा तयार साचा तिथेच निवडायचा, कौशल्यांवर ७ फासे वाटायचे (म्हणजे कुठल्या कौशल्यासाठी किती जास्तीचे फासे टाकायचे ते कागदावर ठरवायचं), झालं. साधे सहा बाजूंचे फासे प्रत्येकी ५-६ आणा, ल्युडोचेही चालतील. चित्रपट पाहिले नसतील तरी जरूर या. फक्त ल्यूक किंवा लेया, ही चित्रपटातली मुख्य पात्रं, मागू नका. त्याच आकाशाखाली आपल्याला आपली गोष्ट रचायची आहे.

नावं शुक्रवारपर्यंत इथेच कळवा. जागा ६ जणांपुरतीच आहे.