निळा कोणी सांडला

मोहननगर, नागपूर
१५ डिसेंबर, रात्रीचे पावणेबारा

संज्या,

फोनच करणार होतो. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला, कारण तू पहिले "बोल बे" म्हणशील आणि मग माझ्याच्याने काही बोलणं होणार नाही. म्हणून लिहून राहिलो. पाठवतो व्हॉट्सअ‍ॅपवरच, पण पत्र समज, ऑफिसात मधेच उघडून वाचू नको, रात्री जेवणं झाली की वाच.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच आहे, माझी शुगर गोळीवर आहे, थंडी कडक पडली. अधिवेशन चालू आहे, त्यामुळे बर्डीवरून घरी यायचं म्हणजे एखाद्या मोर्चात अर्धा तास उभं राहणं आलंच. बाकी काही नाही.

परवा तुझ्या अविदादाचा डबा काढला, त्याने नाताळच्या झाडासाठी पुठ्ठ्यावर रंगवलेल्या कार्टूनचा.

मागच्या नाताळला काढला नव्हता. तुला माहीत नसेल, मी सांगितलंच नाही, मी तुला दोन दिवाळ्यांत काहीच सांगितलं नाही. दादा गेला तेव्हा मी ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं, चाळीस जणांनी लिहिलं तसंच, आणि पुण्याला आलो नाही. तेरवीलाही नाही. तिकीट काढलं होतं बे, गरीबरथचं, अजून मोबाइलमध्ये आहे. आईची तब्येत हे कारण सांगितलं होतं मी तुला, ते अर्धंच खरं होतं. काकूंसमोर उभं राहायची हिंमत नव्हती. आता लिहून टाकलं, तू काय म्हणायचं ते म्हण.

तर मागच्या वर्षी रूथ विचारत होती पप्पा कार्टूनचा डबा काऊन नाही काढला, तर मी सांगितलं माळ्यावर सापडून नाही राहिला. दुकानातले चकचकीत गोळे आणून लावले, लाल नि सोनेरी, झाड अगदी बँकेतल्या झाडासारखं दिसत होतं. कॅरोलवाले आले, त्यांच्यातल्या एका आंटींनी विचारलंसुद्धा, की तुमचा मोगली कुठे गेला. मला काही सांगता आलं नाही.

यंदा म्हटलं काढायचाच. तोच डबा, बिस्किटांचा, झाकणावर घोडागाडी. उघडला तर आधी डांबरगोळीचा वास आणि मागून तो पॉलिशचा वास, पप्पांच्या वर्कशॉपचा, इतक्या वर्षांनीही. मी तिथेच जमिनीवर बसलो. कसर लागली आहे रे. जंगलातल्या बल्लूचं अर्धं पोट गेलं. का-चे तीन तुकडे झालेत, पण त्याचं काय, साप आहे, तिन्ही तुकडे वेगवेगळ्या फांद्यांना गुंडाळले तर अजूनच लांब दिसतो. मोगली ठणठणीत आहे. अंकल स्क्रूजची टोपी गेली, पैशाची पिशवी शाबूत. टॉम आहे, जेरी नाही, जेरी तू ९७ ला शाळेत नेला आणि हरवला, ते मी अजून विसरलो नाही.

रूथला एकेक दाखवत होतो. तिला हे कोणीच माहीत नाहीत. टॉम सोडून. मी सांगायला बसलो की ९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, जपानी लोकांनी काढलेला, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, आणि संजूकाका तोच आवाज काढून मला जिन्यात घाबरवायचा. आणि दादा कसं म्हणायचा, की हा मोगली अमेरिकेचा नाही नि जपानचा नाही, हा आपला आहे, त्याच्या गोष्टीतलं शिवनीचं जंगल इथून सव्वाशे किलोमीटर, मधे पेंच, आणि त्यातली वैनगंगा तर पुढे आपल्या भंडाऱ्यातूनच जाते, तेव्हा या पोराला नाताळात घरी बोलवायला कोणाची परवानगी लागत नाही. पहिल्या वर्षी त्याने मोगलीला सरळ गव्हाणीत नेऊन ठेवला होता, मेंढपाळांच्या बाजूला, तणसावर. आजीने उचलून झाडावर टांगला. "देवाच्या बाळाला भेटायला यायचं तर आधी धड कपडे घालून या म्हणावं." दुसऱ्या दिवशी दादाने त्याला कागदाचा स्वेटर घालून पुन्हा गव्हाणीत! मग आजी काही बोलली नाही. तो स्वेटर पण आहे डब्यात. रूथ हसून हसून लोळली.

आणि कापूस. आठवते? झाडावर बर्फ पाहिजे म्हणून आपण रडत होतो तर दादा म्हणाला, बर्फ काश्मीरवाल्यांना राहू दे, वऱ्हाडात पांढरं म्हणजे कापूस, नि काकूंच्या गादीचा कोपरा उसवून आणला. मार कोणाला पडला? मला. तुमच्या गादीसाठी मला.

आता मुद्द्यावर येतो, इतका वेळ आजूबाजूलाच फिरून राहिलो.

सूटवाला शेरखान. टेलस्पिनचा. तू म्हणायचा हा तोच शेरखान, जंगल सोडून शहरात आला नि शेठ झाला, आणि विमान उडवणारा बल्लू पण तोच बल्लू, त्याला नोकरी लागली. मी म्हणायचो दोन वेगळे कार्टून आहेत, दोन वेगळे बल्लू. यावर आपण आठ दिवस बोललो नव्हतो. तर तो शेरखान सगळ्यात खराब झाला होता. तोंडाचा रंग पापुद्र्यासारखा निघाला होता, टायची जागा नुसता पुठ्ठा. मी तो बाजूला काढून टीव्हीवर ठेवला आणि ड्यूटीवर गेलो.

संध्याकाळी आलो तर रूथ दारातच उभी, हात मागे. "पप्पा, सरप्राइज." शेरखानला तिने रंगवला होता. अ‍ॅक्रेलिकने. निळ्या सूटचा लाल कोट केला, कॉलरला पांढरं, सांताक्लॉजचा. मिशा पांढऱ्या. आणि फिनिशिंग चांगलं यावं म्हणून मागची बाजूही पांढरी. दोन हात मारून.

मागची बाजू, संज्या.

तुला सांगायला नको मागे काय होतं.

मी ओरडलो. आजपर्यंत तिच्यावर ओरडलो नव्हतो इतका ओरडलो, कोणाला विचारलं होतं, कोणी सांगितलं होतं, तुला माहीत आहे का हे कोणाचं अक्षर आहे. तिला कसं माहीत असणार बे, नऊ वर्षांची आहे. दादा शेवटचा आपल्या घरी आला तेव्हा ती बालवाडीत होती. ती रडली पण नाही, गप्प उभी राहिली, ते जास्त लागलं. मग सगळे ब्रश धुऊन जागेवर ठेवले आणि न जेवता झोपली. बायको माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलली आणि तिचं बरोबर होतं.

पण मला रात्रभर ते अक्षरच दिसत राहिलं. दादाचं बाकी काय आहे माझ्याकडे? फोटोत तो कधी नसतोच, कारण कॅमेरा त्याच्या हातात. त्याने रंगवलेले दुकानांचे बोर्ड एकेक करून गेले, सगळीकडे फ्लेक्स आले, सदरमधला तो टेलरचा शेवटचा बोर्ड होता, तोही उन्हाळ्यात उतरवला. मी गेलो होतो मागायला, भंगारवाला घेऊन गेला होता.

न्यू जर्सीच्या आत्याने मागे स्नूपी पाठवला होता झाडावर लावायला, हॉलमार्कचा, खाली साल छापलेलं. ती सांगत होती तिकडे ही कंपनी १९७३ पासून दरवर्षी असे किपसेक काढते, लोक वर्षानुवर्षं जमवतात, डब्यासकट जपून ठेवतात, कोणत्या साली घरात काय झालं ते त्यावरून आठवतात. मी तिला म्हटलं, आत्या, आमच्याकडे दादा हेच करायचा, बुटाच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर, मागे बॉलपेनने तारीख घालून. ती म्हणाली पाठव एखादा. नाही पाठवला.

म्हणून काल चितारओळीत गेलो. म्हटलं तिथे पिढ्यान्‌पिढ्या रंगकाम करणारे बसलेत, कोणीतरी सांगेल वरचा रंग काढता येतो का. एक म्हातारे काका भेटले, गणपतीचा सीझन नसल्यामुळे निवांत होते. त्यांनी शेरखान हातात घेतला, वास घेतला, नखाने कडेला खरवडून बघितलं आणि म्हणाले, खाली लाखेचं पॉलिश आहे. मी म्हटलं हो, वडिलांचं सुतारकाम होतं. तर म्हणाले मग हात लावू नका. स्पिरिटने वरचं सुटेल, पण लाखही स्पिरिटमध्येच विरघळते, आणि लाखेखाली पोस्टर कलर, तो तर नुसत्या पाण्याने जाईल. वरचं काढायला जाल तर सगळंच जाईल. मग मी मागची बाजू दाखवली, इथे लिहिलेलं होतं म्हटलं. तिथे पॉलिश नव्हतं, कोरा पुठ्ठा, म्हणजे रंग आत मुरलेला, तो तर निघणारच नाही.

मी परत घ्यायला हात पुढे केला तर ते म्हणाले थांबा. मोबाइलचा टॉर्च लावायला सांगितला. मी वरून धरला. "वरून नाही, आडवा धरा, पुठ्ठ्याच्या अंगाला लावून."

संज्या, दिसतं बे! शाई दिसत नाही पण खाच दिसते. दादा किती दाबून लिहायचा, वहीच्या पुढच्या चार पानांवर उमटायचं. पांढऱ्या रंगाखाली सगळ्या खाचा आहेत. १७/१२/९५, रवि. आणि खाली "संज्याने निळा सांडला." मग तुझी खाडाखोड, आणि वर "बाबूने". त्यावर माझी खाडाखोड, इतकी जोरात की पुठ्ठा फाटायचा बाकी होता. ते काका विचारत होते काय लिहिलंय, मला सांगता येईना, मी नुसता हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी. त्यांनी स्टूल पुढे केलं. पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन रूथला उठवलं. झोपलीच नव्हती. लाइट बंद करून दोघांनी बघितलं, टॉर्च तिने धरला. सॉरी म्हटलं मी तिला. मग तिने विचारलं निळ्याचं काय झालं होतं, तर सांगितलं, की अख्खी बाटली तुमच्या ओसरीवर सांडली, दोघेही म्हणत होते मी नाही, तर दादाने कोणालाच न मारता जमिनीवरचा रंग ब्रशने टिपून टिपून पुठ्ठ्यावर घेतला, वाया कशाला घालवायचा, आणि एवढा निळा रंग कशाला लागेल तर शेरखानच्या सूटला. म्हणून तो सूट निळा. ती म्हणाली, "म्हणजे मी लाल केला म्हणून नाही ओरडलास तू." म्हटलं नाही. लाल चांगला दिसतो. खरंच चांगला दिसतो, मिशा तर फारच छान काढल्यात.

आता तुला विचारायचं ते हे. हा डबा तुमचा आहे. दादा तुझा. ९८ ला तुम्ही घर सोडलं तेव्हा तो म्हणाला होता झाड बाबूकडे असतं तर डबाही बाबूकडे राहू दे, पण ते तेव्हाचं. आता काकूंना हवा असेल, वहिनीला, त्याच्या पोराला हवा असेल. मी विचारलंच नाही कधी. खरं सांगतो, विचारलं नाही कारण तू "पाठवून दे" म्हणशील याची भीती वाटते. कुरियरने तर मी पाठवणारच नाही, का-चे आणखी तीन तुकडे होतील. कोणी न्यायला आलं तर देईन. वाईट वाटेल, पण देईन. तू काकूंना विचार आणि मला सांग, मनात ठेवू नको.

आणि दुसरं, शेरखान अजून झाडावर लावला नाही. बाकी सगळे लागलेत. अंगणातली मोरपंखी आता माझ्यापेक्षा हातभर उंच आहे, स्टुलावर चढावं लागतं. फाटकावर चांदणी लावली, दिवाळीच्या कंदिलाच्याच कामट्यांची, दादाच्या पद्धतीने, जिलेटिन लाल नि पिवळं. कापूस लावला. मोगली गव्हाणीत आहे, स्वेटर घालून. शेरखान तेवढा टीव्हीवर आहे. सांताच्या कोटात त्याला लावलेलं तुला चालेल का? रूथ म्हणते संजूकाकाला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. २४ ला रात्री ऑल सेंट्सला उपासनेला निघायच्या आधी लावायचा आहे, तेव्हा त्याच्या आत सांग.

तुझं काय चाललंय? हिंजवडीचं ऑफिस तेच का? ओंकारचं दहावीचं वर्ष ना यंदा, त्याला ऑल द बेस्ट सांग, वहिनींना नमस्कार. फ्लॅटचं झालं का. करंज्या आणि अनारसे आईने केलेत, पाठवतो, ते कुरियरने येतात.

काकूंना माझं नाव घेऊन सांग की बाबू तेरवीला आला नाही त्याची माफी मागतो. नाहीतर नको सांगू, मीच फोन करतो त्यांना. उद्याच करतो.

आणि हो, टॉर्चमध्ये अजून एक दिसलं, जे शाई होती तेव्हा खाडाखोडीत कधी वाचताच आलं नव्हतं. माझ्या खाडाखोडीच्याही वरून, सगळ्यात शेवटी, दादाच्या अक्षरात एकच शब्द आहे, खाली दोन रेघा मारून. "संज्याच."

निळा तूच सांडला होता बे.

तुझा,
बाबू