३१ वर्षांनी आलेलं उत्तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझा एच-इंडेक्स (किती पेपरांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला यावरून काढलेला आकडा) ९ आहे एवढं पाहून निवड समितीने पुढचं काही विचारलंच नाही, हे वाचून जीव कळवळला. ग्रंथालयात बसून असले तक्ते काढून द्यायचं काम मीच रोज करतो, म्हणून जास्तच लागलं. गेल्या वर्षी मीही एका समितीला संशोधकांची यादी अशीच उतरत्या क्रमाने लावून दिली होती. तळाला गेलेल्या माणसाचा एकही पेपर मी उघडून पाहिला नव्हता. ते अजून खुपतं.

तेव्हापासून मी ग्रहशास्त्रज्ञ स्टॅन्टन पील यांचे पेपर वाचतोय. गुरूचा चंद्र आयो याची गोष्ट तुला ग्रहांच्या अभ्यासकाला मी काय सांगावी! पण तारखा शेजारी शेजारी ठेवून बघ. २ मार्च १९७९ ला पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स यांचा तीन पानी पेपर ‘सायन्स’मध्ये आला. युरोपा आणि गॅनिमीड या गुरूच्याच चंद्रांमुळे आयोची कक्षा पुरती गोल होत नाही, त्यामुळे गुरूच्या ओढीने तो सतत दाबला-ताणला जातो, आतून वितळतो, तेव्हा वर ज्वालामुखी असू शकतील, असं त्यांचं गणित. ५ मार्चला व्हॉयेजर १ हे यान गुरूजवळून गेलं, आणि काही दिवसांतच मोहिमेतल्या अभियंता लिंडा मोराबिटो यांना, यानाचा मार्ग तपासण्यासाठी मागचे तारे शोधताना, आयोच्या कडेवर ढगासारखा फुगवटा दिसला. ज्वालामुखीचा उद्रेकच तो! पेपर छापायला पंधरवडा उशीर झाला असता तर त्याला भाकीत कोण म्हणालं असतं? गणित मात्र तेच राहिलं असतं.

मला जास्त धरून ठेवतो तो त्यांचा १९७६ चा ‘नेचर’मधला छोटासा पेपर. शीर्षकातच प्रश्न आहे: बुधाचा गाभा वितळलेला आहे का? बुधाची कक्षा लांबट, त्याचं अंगही किंचित लांबट. त्यामुळे ८८ दिवसांच्या फेरीत सूर्याची ओढ कमीजास्त होते आणि स्वतःभोवती फिरता फिरता तो जरासा मागेपुढे डोलतो. गाभा घट्ट असेल तर सगळा गोळा मिळून डोलणार. द्रव असेल तर वरचं कवच एकटंच डोलणार, म्हणजे जवळपास दुप्पट. डोल मोजा, गाभा कळेल. किती साधं, आणि किती सुंदर! ही मोजणी छापून यायला २००७ उजाडलं. ज्यां-लुक मार्गो आणि सहकाऱ्यांनी पृथ्वीवरून बुधाकडे रडार लहरी सोडल्या आणि त्यांचे प्रतिध्वनी एकमेकींपासून दूर असलेल्या अँटेनांवर टिपले. डोल निघाला सुमारे ३६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे बुधाच्या विषुववृत्तावर जेमतेम सव्वाचारशे मीटर. गाभ्याचा निदान बाहेरचा भाग तरी द्रव आहे. त्या पेपरवर दुसरं नाव पील यांचं आहे. ३१ वर्षांनी! गेल्या पाच वर्षांतली सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांतले उल्लेख, मोजणाऱ्या तक्त्यात अशा प्रश्नाला जागाच नसते रे.

एच-इंडेक्स होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. १० पेपर निदान १० वेळा उल्लेखले गेले की आकडा १०. पण कुणी तीनच पेपर लिहिले आणि प्रत्येकाचा उल्लेख हजार वेळा झाला, तरी आकडा ३. शिवाय तुमच्या क्षेत्रात अवकाशमोहिमेच्या एकेका पेपरवर कितीतरी नावं असतात, आणि प्रत्येक सायटेशन सगळ्यांच्या खात्यात पुरंच्या पुरं जमा होतं. तू पडलास एकट्याने गणित मांडणारा. लेखकांच्या संख्येने भागलेला आकडाही एडीएसवर, म्हणजे खगोलशास्त्रातल्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, मिळतो. माझ्याकडे तो आजवर कुणी मागितलेला नाही.

म्हणून रविवारी विवरांच्या कडा झिजण्यावरचा तुझा पेपर घेऊन बसलो. १४ सायटेशन. ते चौदाही पेपर वाचले. ९ ठिकाणी तुझं नाव पहिल्याच परिच्छेदात, पाच-सहा नावांबरोबर एका कंसात. ३ ठिकाणी तुझ्या निष्कर्षाशी नुसती तुलना. पण उरलेल्या दोघांनी तुझं समीकरण उचललंय, आणि त्यातल्या एकाचा विवरांच्या वयांचा सगळा तक्ता त्यावरच उभा आहे. तुझं काम काढून घेतलं तर त्या पेपरात काही उरत नाही. ही गोष्ट समितीपुढे गेलीच नाही, आणि ती कुठल्याही तक्त्यातून गेली नसती. पुढच्या अर्जात आकड्याखाली ती लिही, पेपरागणिक दोन-दोन ओळी. मसुदा मला पाठव, मी बसून नीट करून देतो.

दोन्ही पेपरांतली पानं खुणा करून सोबत जोडली आहेत. दुसऱ्याने तुझ्या समीकरणातल्या शेवटच्या पदाचा घातांक बदललाय. का ते मला समजलं नाही, बघून कळव.

तुझाच,
जुना मित्र