फोटोतलं ताट अन् दुसरी एक गोष्ट

प्रिय आई, बाबा,

दादाच्या मोबाईलवर तुम्ही तो फोटो पाहिला म्हणे, डोक्यावर टोपी घातलेली मी, समोर जाळी अन् लालभडक काहीतरी, अन् तेव्हापासून बाबा गप्प आहेत असं वहिनी म्हणाली. तर आधी तेच सांगते. जाळीवरचं मांस ऑफिसच्या बाकीच्यांचं. माझं टोफू, म्हणजे पनीरासारखंच दिसतं ते, अन् मशरूम, वेगळ्या तव्यावर भाजून मागवलेलं. लाल होतं ते किमची, म्हणजे कोबी मिठात मुरवून मिरची-लसूण लावलेलं लोणचंच म्हणा. त्यात पुष्कळदा मासळीचा रस नाहीतर बारीक सुकट घालतात म्हणून वेटरला विचारलं, तो आहे म्हणाला, मी वाटी बाजूला सारली. फोटोत आहे, पोटात नाही. घरात माळ आहे हे मला इतक्या दूरही लक्षात राहतं बाबा.

हॉटेल लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमधलं. नाव कोरियाचं, पण तिथे कोरियन लोकांपेक्षा मेक्सिको-ग्वातेमालाकडचीच माणसं जास्त राहतात, कोरियन हॉटेलांच्या स्वैपाकघरातही तीच राबतात, मग दोन्हीकडचं एका ताटात येणारच. 2008 साली रॉय चोई नावाच्या माणसाने अन् त्याच्या सोबत्यांनी कोगी नावाची खाण्याची गाडी काढून मेक्सिकन टॅकोत, म्हणजे दुमडलेल्या छोट्या पोळीत, कोरियन पद्धतीचं मांस भरून विकलं, लोकांनी रात्री-बेरात्री रांगा लावल्या, अन् मग असली हॉटेलं निघत गेली. गोंगाट तर विचारूच नका. एक गाणं कोरियन, पुढचं स्पॅनिश, कोणाचा वाढदिवस असला की सगळे वेटर टाळ्या पिटत येतात अन् डोक्यावर ही एवढी मोठी मेक्सिकन टोपी ठेवतात. माझा वाढदिवस नव्हता. टोपीचं पुढे सांगते.

बाबा, टॅकोची पोळी मक्याची असते अन् तो मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. साल सुटते, मग धुवून वाटायचा. चुन्याचा असाही उपयोग असतो, तुमचा खर्रा सोडून. अन् त्यांची ती गोचुजांग नावाची तिखट चटणी, मिरची, तांदूळ अन् आंबवलेलं सोयाबीन. सोयाबीन! आपण एवढ्या वर्षांत पोती भरभरून विकलं, घरात दाणा कधी शिजवला नाही. 2025-26 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 5328 रुपये असताना व्यापारी ओलावा दाखवून काय भाव लावतो ते दादाने सांगितलं, अन् इथे त्याचीच चटणी लोक बोटं चाटून खातात, माझा तर घासच अडकला थोडा.

शेवटी दगडी भांड्यात भात आला, भांडं इतकं तापलेलं की भात चरचर वाजत होता, बुडाशी लागून तांबूस झालेला. मी चमच्याने खरवडायला लागले तशा सगळ्या हसल्या. आई, तू खरवड दादाला जास्त द्यायचीस. "तो वावरातून आला" म्हणे. मी पण तर शाळेतून पायीच यायची ना.

बरं, टोपी. मी दोन वर्षांसाठी कामाचा करार पुढे वाढवून घेतला. सही झाली. त्याचीच ती पार्टी होती, मैत्रिणींनी वेटरला सांगितलं अन् त्याने टोपी आणली. फोनवर सांगणार होते पण तू लगेच तब्येतीचं विचारतेस अन् माझं राहून जातं. हे बघा, शिक्षणाचं कर्ज अजून आहे, घराचा स्लॅब व्हायचाय, तिकडे आले तर पुण्यात तरी राहावंच लागेल, दर्यापुरात माझ्या कामाचं काही नाही, अन् पुण्याहून मी किती येणार होते सांगा. अन् दोन वर्षं म्हणजे काय, विहिरीचं काम त्याहून जास्त चाललं होतं.

खाण्याची काळजी करू नका. आर्टेशिया म्हणून भाग आहे, तिथे आपली दुकानं आहेत, तूरडाळ, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं. रविवारी भाकरी करते, एका बाजूने फुगते. खोलीत हीटर आहे. तू दिलेली गोधडी तरी घेतेच, हीटरवर माझा अजून विश्वास नाही.

आता ऐका. बाबा, तुरीला डुकरं लागोत नाहीतर काही लागो, रात्रीच्या जागलीला तुम्ही जायचं नाही. माणूस लावा, पैसे मी टाकते. त्या गुडघ्याने तुम्ही धुऱ्यावरून पडलात तर डुक्कर उचलून आणणार आहे का? खर्रा एकदम सुटत नसेल तर निदान अर्धा करा. आई, शुगर उपाशीपोटी तपासायची असते, चहा पिऊन नाही, अन् "थोडासाच होता" चालत नाही. मोजमाप वहीत लिही, दादाला फोटो काढून पाठवायला सांग. बाबांवर चिडून मला पत्र लिहू नकोस, त्यांना समजायला वेळ लागतो, माझ्या इंजिनिअरिंगच्या वेळीही लागलाच होता.

शनिवारी माझे संध्याकाळचे सात म्हणजे तुमचे रविवारचे सकाळचे साडेआठ. तेव्हा फोन करते. रेंज छपरीतच येते, तिथेच बसा. अन् बाबांनी आधी बोलायचं, "हे घे, आईशी बोल" करून फोन द्यायचा नाही.

तुमची,
छोटी